टेकडीला लागलेली गोळी

शालिकराम ठवकरची सगळी नोकरी जमिनीखाली गेली, असं त्याचे सोबती थट्टेने म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं. नागपूरच्या पश्चिमेला, जिथे त्या काळी वस्ती संपून मुरमाच्या टेकड्या सुरू होत, तिथे एका सरकारी खात्याची चांदमारी होती. शिपायांना बंदूक चालवायला शिकवण्याची ती जागा. एका टोकाला गोळ्या झाडायचा ओटा, दुसऱ्या टोकाला टेकडी, आणि टेकडीच्या पायथ्याशी पुरुषभर खोल, दगडाने बांधलेला खंदक. या खंदकाला सगळे ‘बट’ म्हणत. बटात उभं राहायचं, कागदी निशाणाची चौकट दोरीने वर चढवायची, डोक्यावरून गोळ्या जाऊ द्यायच्या आणि प्रत्येक गोळी कुठे लागली ते लांब बांबूच्या टोकाला ठोकलेल्या पत्र्याच्या थाळीने दाखवायचं, हे शालिकरामचं काम. मधल्या काळ्या गोलात लागली तर थाळी तिथे टेकवायची. त्याला म्हणत ‘बुल’. निशाणाला लागलीच नाही तर लाल झेंडी दोनदा आडवी फिरवायची. मग निशाण खाली घ्यायचं, भोकांवर मैद्याच्या खळीने कागदाचे तुकडे चिकटवायचे, आणि पुन्हा वर.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम हमालीचं वाटे. शालिकरामला तसं कधीच वाटलं नाही. ओट्यावर पालथं पडून नेम धरणाऱ्याला आपली गोळी कुठे गेली ते दिसत नाही. ते फक्त बटवाल्याला दिसतं. त्यामुळे भलेभले अधिकारी बंदूक बाजूला ठेवून त्याच्या थाळीकडे डोळे लावून बसत. एकदा एका बड्या साहेबाच्या साऱ्या गोळ्या वाया गेल्या आणि शालिकरामने दर गोळीला झेंडी फिरवली. संध्याकाळी साहेबाने त्याला बोलावून विचारलं, "काय रे, एक तरी लागली असेल की?"

"लागली असती त मले काय दुःख होतं, साहेब?" शालिकराम म्हणाला.

साहेब हसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच सरावाला आला. ही गोष्ट चांदमारीत पुढे बरीच वर्षं सांगितली जाई, आणि सांगणाऱ्याचा आवाज थोडा वर चढे.

शालिकराम मौद्याकडचा. घरी थोडं धानाचं शेत, ते भावाकडे सोडून तो नागपुरात आला आणि शिपाई झाला. बटात त्याचा जोडीदार होता नत्थू रामटेके. नत्थू इंदोऱ्याचा. छप्पन साली दीक्षाभूमीवर बापाचा हात धरून गेला होता, आणि त्या दिवसाबद्दल बोलताना आपोआप ताठ उभा राही. दोघे एक दोरी ओढत, एका डब्यात जेवत. भागीरथेने, म्हणजे शालिकरामच्या बायकोने, झुणका दिला की अर्धा नत्थूचा. गोपिकेने, म्हणजे नत्थूच्या बायकोने, पाटवड्यांची भाजी दिली की अर्धी शालिकरामची. डोक्यावरून गोळ्या सणसणत असताना हे दोघे खाली बसून खळ ढवळत आणि वरच्या नेमबाजाची टर उडवत.

"हा कोन व्हय गा? टेकडी पाडून राहिला."

"पाडू दे. सरकारले मुरूम फुकट भेटते."

पासष्टच्या लढाईनंतर खात्याने एक चांगला उपक्रम सुरू केला. जानेवारीत एक दिवस चांदमारी गावातल्या लोकांना उघडी करायची. कोणीही यावं, तिकीट काढावं, शिपायाच्या देखरेखीखाली पाच गोळ्या झाडाव्यात. जमलेला पैसा नोकरीत असताना मरण पावलेल्या शिपायांच्या बायकामुलांसाठी. याला ‘मदत नेमबाजी’ म्हणत. इतवारीचे व्यापारी येत, वकील येत, कॉलेजची पोरं येत, हौशी बायकाही येत. तिकिटाखेरीज पेटीत वेगळी नोट टाकणारे होते. पहिली काही वर्षं गावोगावच्या विधवांना खरोखर मनिऑर्डरी गेल्या.

त्या दिवशी बटात एक रिवाज होता, आणि शालिकरामच्या साऱ्या नोकरीत खोटेपणा असा तेवढाच. पहिली गोळी प्रमुख पाहुण्याची. पाहुणे बहुधा आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरणारे. गोळी कुठे जाई देव जाणे. पण पाहुण्याचा मान म्हणून बटवाल्याने निशाण खाली घ्यायचं, काळ्या गोलाच्या मधोमध खिळ्याने भोक पाडायचं, निशाण पुन्हा चढवायचं आणि थाळी टेकवायची. बुल! मग टाळ्या. तो कागद काढून पाहुण्यांना भेट दिला जाई आणि ते त्याला फ्रेम करून दिवाणखान्यात लावत. नागपुरातल्या कितीतरी प्रतिष्ठित घरांत असे बुल टांगलेले होते.

"खिळ्याचा नेम कवा चुकत नाई," नत्थू म्हणे.

शालिकराम आणि नत्थूला या दिवसाचा अभिमान वाटे, पण त्यांनी तो दिवस कधी पाहिला नव्हता. ते बटात. समारंभ त्यांच्यापर्यंत येई तो भोंग्यातून. ओट्यावर मांडवात माइक असे आणि त्याच्या शेजारीच बटाशी जोडलेला, मूठ फिरवून लावायचा फोन. थाळी नीट दिसली नाही तर ओट्यावरचा माणूस फोनवर विचारून घेई आणि तिथल्या तिथे माइकवर पुकारी, म्हणून दोन्ही एकाच टेबलावर. भोंग्यातून नाव येई, "अमुक गावच्या अमुक बाईंना शिलाई मशीन देण्यात येत आहे," मग टाळ्यांचा कडकडाट. दोघे खंदकात उभे राहून तो ऐकत आणि एकमेकांकडे पाहून मान हलवत. संध्याकाळी ओट्यावरून प्रत्येक कर्मचाऱ्याला संत्रा बर्फीचा डबा आणि पाकिटात वीस रुपये मिळत. ही पद्धत नवे इनचार्ज गोपाळराव आल्यावर सुरू झाली. त्यांच्याच काळात मनिऑर्डरींच्या जागी शिलाई मशीन आलं. शालिकराम बर्फी घरी नेई आणि भागीरथा ती गल्लीत वाटे. "यांच्या सायेबाचा हात मोठा हाये," ती सांगे.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात नत्थू गेला. नव्या भरतीचा सराव चालला होता. दगडी खंदक दुपारी भट्टीसारखा तापे. नत्थूने डोक्यावर ओला दुपट्टा घेतला होता, तरी दोरी ओढता ओढता खाली बसला. शालिकरामने बादलीतलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, झेंडी वर करून गोळीबार थांबवला, त्याला खांद्यावर घालून ओट्यापर्यंत आणलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं. मागे गोपिका आणि शाळेत जाणारी एक मुलगी.

गोपिका विड्या वळू लागली. तंबाखूच्या धुळीने तिला खोकला जडला. पण ती हिंमतीची बाई. इंदोऱ्यातल्या शिवणवर्गात जाऊन कापड बेतायला शिकली. सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने सांगितलं, घरी मशीन असेल तर शाळेचे गणवेश शिवायला देतो. त्यामुळे चौऱ्याहत्तरच्या मदत नेमबाजीत भोंग्यातून "श्रीमती गोपिका नत्थू रामटेके" हे नाव आलं, तेव्हा शालिकरामने खंदकात एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्यांची गोळी सुटली, टेकडीवर धूळ उडाली, आणि त्याने खुशीत खिळा उचलला.

पुढे महिना गेला, दोन गेले. एका रविवारी तो इंदोऱ्याला गेला तर गोपिका विड्याच वळत होती.

"मशीन कुठं वो ठेवलं?" त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"तुमाले नाई मालूम, भाऊजी?" गोपिकेने सूप बाजूला सारलं. "फोटो काढला. मंग रुपराव बाबू मने, बाई, फिटिंग रायली, आठ रोजानं न्या. आठ रोजानं गेली त मने, स्टँड यायचा हाये. मंग मने, सायेब दौऱ्यावर हायेत. आता त गेटावरचा शिपाई आतच जाऊ देत नाई."

रुपराव म्हणजे चांदमारीचा कारकून. दुसऱ्या दिवशी निशाणाच्या चौकटी आणायला शालिकराम स्टोअरात गेला, तेव्हा चौकटींमागची ताडपत्री त्याने पहिल्यांदा उचलून पाहिली. खाली मशीन होतं. त्याच्या चाकावर कुंकू होतं. दर वर्षी पाहुणे मशीनला कुंकू लावत, आणि ते कधी कोणी पुसलेलं नव्हतं. थरावर थर बसून त्याची खपली झाली होती. एक मशीन, आणि भोंग्यातून ऐकलेली इतकी सारी नावं.

त्या दिवशी त्याच्या लक्षात आणखीही पुष्कळ आलं. गोपाळरावांच्या खोलीतला कूलर, रेक्झिनचा सोफा, दर महिन्याला ओट्यामागे शिजणाऱ्या कोंबड्या. हे काही लपून नव्हतं. सगळे पाहत होते, आणि सगळ्यांना वाटत होतं की सरकारकडून आलं असेल. विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही.

शालिकरामने विचारलं. रुपराव कान कोरत होता.

"तू बटातला माणूस, शालिकराम. बटातच राहाय."

"गोपिकाबाईले मशीन कधी भेटंल, तेवढं सांगा जी."

"आन् बर्फी खाल्ली तवा नाई विचारलं, कुठून आली मून?"

मग तो गोपाळरावांकडे गेला. ते शिकलेले, गोड बोलणारे. त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं. "ठवकर, निधी कल्याणाचा आहे. कर्मचाऱ्यांचं कल्याण हे कल्याण नाही का? तुम्हीही त्यात आलात." मग तसंच हसत म्हणाले, "तिकडे लांब जंगलात, अहेरीला एक जागा रिकामी आहे. हवा चांगली आहे म्हणतात."

घरी येऊन त्याने भागीरथेला सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती. तिने तवा उतरवला.

"मंजे ते बर्फी गोपिकेची होती जी?"

"तिची नाई त तिच्यासारखीची."

"आन् मी गल्लीत वाटली. मोठ्या तोंडानं." तिने हाताचं पीठ झटकलं. "बर्फी त वापस होत नाई. मशीन वापस होते. पाहा काय करता ते."

काय करायचं हे त्याला सुचेना. वरच्या साहेबाला सांगावं तर कागद पुन्हा रुपरावाच्याच हातून जायचा. गोपिकेकडे जायला त्याला लाज वाटू लागली. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि मदत नेमबाजीची तारीख आली.

पंचाहत्तर साल महिला वर्ष म्हणून जाहीर झालं होतं. तेव्हा यंदा पाहुणीही बाईच असावी असं ठरलं. धंतोलीत सूतिकागृह चालवणाऱ्या डॉक्टर सिंधूताई. केस पांढरे, अंगावर सुती पातळ, अर्धं नागपूर त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई. त्यामुळे समोरच्याने सांगितलेलं वाक्य त्या मोठ्याने पुन्हा म्हणून खात्री करून घेत. ‘पोट कालपासून दुखतंय. बरं. उलटी नाही. बरं.’ ही त्यांची सवय साऱ्या शहराला माहीत होती.

सकाळी शालिकराम नव्या जोडीदाराला घेऊन बटात उतरला. भोंगा घरघरला. भाषणं झाली. मग रुपरावाचा आवाज आला, "मौद्याच्या श्रीमती यमुताई यांना शिलाई मशीन देण्यात येत आहे." टाळ्या. शालिकरामच्या डोळ्यांपुढे चाकावरच्या खपलीवर बसणारं नवं कुंकू आलं. मौद्याची बाई. आपल्याच मुलखातली. ही आठ दिवसांनी चौकशीला येईल, तिला गेटवर अडवतील.

गोळी सुटली. डोक्यावरून बरीच उंच गेली आणि टेकडीच्या मध्यावर मुरूम उडाला. शालिकरामने निशाण खाली घेतलं. जोडीदाराने सवयीने खिळा पुढे केला.

शालिकरामने तो हातात घेतला आणि पाहत राहिला. त्याला वाटलं, हा सगळा तमाशा दर वर्षी या खिळ्यापासून सुरू होतो. आधी आपण खोटं भोक पाडतो, मग टाळ्या होतात, मग पेटीत नोटा पडतात. त्याने खिळा खळीच्या डब्यात टाकला. कोरं निशाण वर चढवलं. मग लाल झेंडी उचलली आणि दोनदा आडवी फिरवली.

भोंगा गप्प झाला. थोड्या वेळाने बटातला फोन वाजला.

"काय करून राहिला बे?" रुपराव दबक्या आवाजात म्हणाला. "बुल दाखव."

"लागली नाई जी."

"लागली का मून कोनी विचारलं? खिळा हारपला का?"

"खिळा हाये. आज मारत नाई."

पलीकडे कुजबुज झाली. मग गोपाळरावांचा आवाज आला. तो दबका होता, पण आज गोड नव्हता. "ठवकर, उद्याच्या गाडीने अहेरीला जाल."

"जाईन, साहेब. पन गोळी टेकडीले लागली."

"कोण आहे फोनवर?" मागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "माझ्याच गोळीचं चाललंय ना? मग मला द्या." फोन हातातून हातात गेला. "मी डॉक्टर सिंधूताई बोलते. माझी गोळी कुठे गेली?"

"टेकडीले लागली, बाई."

"टेकडीला लागली," सिंधूताई म्हणाल्या.

आणि तेच शब्द शालिकरामला दुसऱ्यांदा ऐकू आले, भोंग्यातून, साऱ्या मैदानावर. त्याच्या पाठोपाठ लोकांचं हसू ऐकू आलं. फोनशेजारचा माइक चालू होता.

"लागायचीच," सिंधूताई म्हणाल्या. "मी सुया टोचणारी बाई. पण हे मघापासून सांगताहेत, इथे पाहुण्यांची गोळी कधी चुकत नाही."

शालिकरामने खंदकाच्या भिंतीला हात टेकला. आता बोललेलं बाईंच्या तोंडून सगळ्यांना ऐकू जाणार होतं. नाही बोललं तरी कोणी त्याला काही म्हणणार नव्हतं.

"आमी खिळ्यानं भोक पाडतो, बाई. दरसाल."

"खिळ्याने भोक पाडता. दर वर्षी." पुढच्या रांगेत आधीच्या वर्षांचे दोन-तीन पाहुणे बसले होते. त्यांच्या दिवाणखान्यात बुल टांगलेले होते. "मग माझ्याच वेळी का नाही पाडलं?"

"बाई, तुमी आता जे मशीन देली ना, ते त्या बाईच्या घरी जात नाई. फोटो झाला का स्टोअरात वापस येते. मागच्या साली नत्थू रामटेकेच्या बायकोले देली. तिले अजून भेटली नाई. तेच मशीन व्हय हे."

"मशीन बाईच्या घरी जात नाही. स्टोअरमध्ये परत येतं." सिंधूताईंचा आवाज हळू झाला, पण भोंग्याला हळू आवाजही पुरतो. "मागच्या वर्षी नत्थू रामटेकेंच्या पत्नीला दिलं. तिला मिळालं नाही. तेच मशीन आहे हे."

आता कोणी हसत नव्हतं. नंतर सांगणारे सांगत की गोपाळरावांनी माइकवाल्याला खुणा करून करून स्वतःचे हात दुखवून घेतले. माइकवाला इतवारीतला, भाड्याने आलेला गडी. तो म्हणाला, "साहेब, प्रमुख पाहुण्या बोलून राहिल्या. बंद कसा करू?"

"आणि लोक पेटीत टाकतात ते पैसे?" सिंधूताईंनी विचारलं.

"कूलर आला. सोफा आला. कोंबड्या झाल्या. आमाले बर्फी न् वीस वीस रुपये वाटले. मी बी घेतले, बाई. बर्फी खाल्ली."

"बर्फी वाटली. तुम्हीही खाल्ली." मग सिंधूताईंनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

"शालिकराम ठवकर, जी."

"शालिकराम ठवकर," भोंगा म्हणाला.

पुढचं शालिकरामला दिसलं नाही. ओट्यावरून हुकूम आल्याशिवाय बट सोडायचा नाही, हा नियम. तो तिथेच उभा राहून ऐकत राहिला. सिंधूताई कोणाला तरी सांगत होत्या, "त्या मशीनवरून हात काढा." मग त्यांनी यमुताईला काहीतरी विचारलं, आणि एक खेडवळ आवाज माइकजवळ आला. "जिचं हाये तिले द्या, बाई. मी मागून घेईन. पन मले गेटावर अडवू नोका." त्यावर मात्र मैदानात टाळ्या पडल्या. मग सिंधूताईंनी फोनवर शालिकरामला विचारून घेतलेला इंदोऱ्याचा पत्ता आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगितला.

तिकिटं काढलेले लोक परत गेले नाहीत. एक व्यापारी मोठ्याने म्हणाला, "पैसे दिले आहेत, गोळ्या झाडूच. पण पेटी बाईंजवळ ठेवा." पेटी सिंधूताईंच्या मांडीवर गेली. हुकूम आला, शालिकरामने निशाण चढवलं. त्या दिवशी लोक चुकलेल्या गोळीलाही झेंडी पाहून टाळ्या वाजवत होते.

चौकशी झाली. रुपराव निलंबित झाला. गोपाळरावांना नागपुरातून हलवलं, आणि पुढे त्यांच्या पगारातून वसुली लागली. कूलर आणि सोफा लिलावात गेले, निधी गावातल्या लोकांच्या समितीकडे आला. उन्हाळ्याआधी यमुताईचं मशीन मौद्याला पोचलं. ज्यांची नावं आधी भोंग्यातून येऊन गेली होती, त्या बायकांनाही समितीने एकेक करून शोधून काढलं. दिवाणखान्यांतले काही बुल भिंतीवरून उतरले. एका म्हाताऱ्या वकिलाने मात्र आपला तसाच ठेवला. आल्यागेल्याला तो सांगे, "हा शालिकरामच्या खिळ्याचा आहे. अस्सल."

शालिकरामवरही ठपका आला, खोटे बुल दाखवल्याचा. चौकशी अधिकारी भला माणूस होता. त्याने पेन खाली ठेवून सुचवलं, "तुमचा जुना जोडीदार आता नाही. खिळा तो मारत असे, असं लिहू. मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही, आणि तुमची वेतनवाढ वाचेल."

"आमी दोघंही मारत होतो, साहेब," शालिकराम म्हणाला. "तो गेला, मी हावो. माझं नाव लिहा."

एका वर्षाची वेतनवाढ गेली. भागीरथेने ही बातमी गल्लीत स्वतः सांगितली, घरोघरी, जशी ती बर्फी वाटत असे तशी. अहेरीची बदली कोणी पुन्हा काढली नाही. एक्याऐंशी साली तो निवृत्त झाला तोवर बटातच होता. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आजही म्हणतात, "आमी शालिकरामजीच्या बटातले." तसं म्हणताना ती नत्थूसारखीच ताठ उभी राहतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या मदत नेमबाजीनंतरच्या पहिल्या रविवारी शालिकराम आणि भागीरथा इंदोऱ्याला गेले. गोपिका मशीनसमोर बसली होती आणि तिचं तोंड उतरलेलं होतं. इतकी वर्षं ताडपत्रीखाली पडून मशीन जाम झालं होतं. चाक हलत नव्हतं.

"रुपराव खरंच बोलला, भाऊजी," ती म्हणाली. "फिटिंग रायलीच होती."

भागीरथा खुदकन हसली, मग तिघंही हसली. बंदुकीच्या तेलाची बाटली चांदमारीत शालिकरामच्या हाताशीच असे. पण ती सरकारी, ती आणायला तो गेला नाही. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जाऊन त्याने स्वतःच्या पैशाने मशीनच्या तेलाची कुपी घेतली. आधी ओल्या फडक्याने चाकावरची कुंकवाची खपली खरवडून काढली. मग भोकाभोकात थेंब सोडत, चाक मागेपुढे करत बसला. बराच वेळ गेला. भागीरथेने चहा ठेवला. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. शेवटी चाक कुरकुरलं, अडलं, आणि एकदम सैल फिरलं.

गोपिकेने दोरा ओवला. खाली खाकी कापडाचा तुकडा सरकवला, सीताबर्डीच्या दुकानदाराने नमुन्याला दिलेला. मशीन धावू लागलं. शालिकरामने कौतुकाने कापडाच्या कडेला बोट लावलं, टीप सरळ जाते का ते पाहायला.

"हात काढा, भाऊजी," गोपिका मान वर न करता म्हणाली. "टीप वाकडी होते."